वकीलपत्र कुणाला द्याल?

कारकुंडा

मंडळी, सरळ प्रश्न. उद्या तुमच्यावर दावा लागला आणि वकील फक्त कथा-कादंबरीतला, नाटकातला, सिनेमातला नाहीतर मालिकेतलाच घ्यायचा असं ठरलं, तर वकीलपत्रावर कुणाच्या नावाने सही कराल?

'आवडता वकील कोण' असं मुद्दामच विचारलेलं नाही. आवडायला काय, बदमाशसुद्धा आवडतो. पण वकीलपत्र देणं म्हणजे आपली जमीन, अब्रू, कधी कधी मान दुसऱ्याच्या हातात देणं. तेव्हा जरा विचार करून सांगा, आणि कारण सांगा. खरे वकील नकोत, नाहीतर इथे अर्धं बेळगाव आपापल्या वकिलाबद्दल बोलत बसेल आणि धागा बंद करायची पाळी येईल.

मी चन्नम्मा चौकाजवळच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून आहे. फायली बांधणं, तारखा लिहून घेणं, नकलेसाठी अर्ज टाकणं, अशिलांना 'साहेब आत्ता येतीलच' म्हणून बाकावर बसवून ठेवणं, ही माझी कामं. त्यामुळे पडद्यावर वकील आला की माझं लक्ष त्याच्या भाषणाकडे जातच नाही, त्याच्या टेबलाकडे जातं. बहुतेकांच्या टेबलावर काही नसतं! 'दामिनी'तला (१९९३) सनी देओलचा गोविंद ओरडतो फार झकास, पण त्याचा कारकून कुठे आहे? वकालतनाम्याला तिकीट कुणी लावलं? 'तारीख पे तारीख'चं तर आम्हा सीमाभागातल्या लोकांना कौतुक सांगूच नका. महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात २००४ साली घातलेला दावा अजून चालूच आहे.

सुरुवात मी करतो, ती ज्याला वकीलपत्र कधीच देणार नाही त्याच्यापासून. 'बेटर कॉल सॉल' (२०१५ ते २०२२) या अमेरिकन मालिकेतला जिमी मॅकगिल. नखं रंगवायच्या पार्लरच्या मागच्या खोलीत याचं ऑफिस. थोरला भाऊ चक हा नामांकित वकील, कायदा कोळून प्यालेला. एका बँकेचं मोठं काम चककडे जातं, आणि जिमी काय करतो? कोर्टात भाषण नाही, पुरावा नाही. भावाच्या घरातली कागदपत्रं उचलतो, झेरॉक्सच्या दुकानात रात्रभर बसतो, चाकूने आकडे कापतो, डिंकाने चिकटवतो, परत झेरॉक्स काढतो. पत्त्यातल्या १२६१ चं १२१६ करतो. संपलं. चक सुनावणीत उभा राहतो तेव्हा पत्ता चुकलेला निघतो, बँकेची मंजुरी लांबते, बँक चिडते आणि काम चकच्या हातून जातं. चकला आतून ठाऊक असतं की आपण चुकलेलो नाही, पण कागद समोर आहे, काय करणार?

हा प्रसंग मी रात्री एकटाच बघत होतो, घाम फुटला. आमच्याकडे उताऱ्यात हिस्सा नंबर एका अक्षराने चुकला तरी माणूस किती वर्षं तहसीलदारापासून वरच्या कोर्टापर्यंत फिरतो ते रोज बघतोय. लिहिणाऱ्याने नेमकं जिथे दुखतं तिथे बोट ठेवलंय. वकिलीत जीव कशात असतो ते या एकाच मालिकेला कळलंय असं माझं मत. आता तुमचं येऊ द्या.

शहापुरी साडी

पहिलं मत माझं! अर्जुन सुभेदार. 'ठरलं तर मग'. २०२२ च्या डिसेंबरपासून बघतेय, आमच्याकडे साडेआठला कुणी फोन केलेला चालत नाही.

काळा कोट

ताई, मधुभाऊंच्या त्या एका केसला किती काळ लावला हो त्याने?

शहापुरी साडी

मग? खऱ्या कोर्टात काय पंधरा दिवसांत निकाल लागतोय? उलट तीच एक गोष्ट खरी दाखवली आहे म्हणायची. बाकी लग्नाचं कॉन्ट्रॅक्ट वगैरे सोडून द्या. आणि तो अशिलाशी नीट बोलतो, चिडत नाही. आमच्या भाऊजींच्या वकिलाला काही विचारलं की ते चष्म्यावरून नुसतं बघतात.

तिसरी घंटा

कारकुंडासाहेब, धागा छान. पण मराठी माणूस वकिलांबद्दल बोलतो आणि अजून सुखात्म्यांचं नाव नाही?

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', रंगमंचावर १९६७. गावोगाव अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करणारी मुंबईची एक हौशी मंडळी. संध्याकाळच्या प्रयोगाला वेळ आहे म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला करायचा ठरतं आणि आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करतात. आरोप भ्रूणहत्येचा. गंमत कधी संपली आणि शिकार कधी सुरू झाली ते प्रेक्षकाला कळत नाही. बेणारेला कळतं तोवर दाराची कडी अडकलेली असते.

या मंडळीतले वकील म्हणजे सुखात्मे. खऱ्या आयुष्यात त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. बेणारे सुरुवातीलाच थट्टेत सांगते की हे बाररूममध्ये एकटे बसून माश्या मारतात. आणि मग या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एक केस मिळते. खोटी, पण मिळते. बघा कसे फुलतात ते! आवाज चढतो, खांदे मागे जातात. तेच फिर्यादी पक्षाचे वकील, तेच आरोपीचे वकील. आरोपीची बाजू मांडायची वेळ आली की सावकाश दुसऱ्या स्टुलावर जाऊन बसतात आणि चेहरा पाडून घेतात. झाली बचावाची तयारी. आमच्या हौशी संस्थेत हे नाटक बसवलं तेव्हा सुखात्मे करणाऱ्याला दिग्दर्शकाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: स्टुलापासून स्टुलापर्यंतचं ते चालणं हसू येईल असं कर, पण स्वतः हसू नकोस. तालमीला आम्ही हसायचो. प्रयोगाला लोकमान्य रंगमंदिरात पहिल्या दोन रांगा हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये यावर सिनेमा केला, बेणारे सुलभा देशपांडेच. मिळाला तर बघा. वकीलपत्र? सुखात्म्यांना मी घरची चावीसुद्धा देणार नाही.

निपाणकर

काय हो, बेळगाव जिल्ह्याच्या माणसांनी धागा काढायचा आणि निपाणीचं नाव नाही? 'तो मी नव्हेच'! अत्रे, १९६२! निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे!

तुम्ही म्हणाल तो वकील कुठे, तो आरोपी. पण साक्षीदारांची उलटतपासणी कोण घेतो? तोच की. बायका फसवल्या, नावं बदलली, एकीकडे दिवाकर दातार, दुसरीकडे कॅप्टन अशोक परांजपे, तिसरीकडे राधेश्याम महाराज, आणि कोर्टात उभा राहून 'मी या बाईंना ओळखत नाही'. पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर हे सगळं एकट्याने केलं. फसवलेली बाई समोर रडतेय आणि हा तिला असा प्रश्न टाकतो की प्रेक्षकाला हसू फुटतं, आणि हसल्याची आपली आपल्यालाच लाज वाटते.

आमच्या गावाचं नाव त्या लखोबाने जे केलं ते केलं. पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा 'कुठला?' म्हणून विचारलं आणि 'निपाणी' म्हटलं की समोरचा 'तंबाखूचा व्यापारी काय?' असं विचारायचाच. तंबाखूचा होताच आमचा धंदा, पण ते सांगायची सोय नव्हती! माझं वकीलपत्र लखोबाला.

सेमिस्टर पाच

काका, ज्याची स्वतःची ओळखच खोटी त्याला वकीलपत्र? सही कुठल्या नावाने घेणार?

मी टिळकवाडीत लॉ कॉलेजला आहे. आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर निम्मे हात अ‍ॅटिकस फिंचसाठी वर जातात. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड', १९६०. सिनेमा १९६२, ग्रेगरी पेकला ऑस्कर. अलाबामातलं छोटं गाव, गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयावर, आणि कोर्टाने नेमून दिलेला वकील अ‍ॅटिकस. निकालानंतर वरच्या गॅलरीत बसलेले सगळे कृष्णवर्णीय त्याच्या मानासाठी उठून उभे राहतात. आमचे सर हा प्रसंग सांगताना दर वर्षी भावुक होतात म्हणे.

मला तो प्रसंग खटकतो. केस हरलेली असते. टॉम दोषी ठरतो आणि पुढे तुरुंगातून पळताना गोळ्या लागून मरतो. वकील थोर ठरला, अशील गेला. हजार लोकांना विचारा, अ‍ॅटिकसचं नाव सांगतील, टॉमचं आडनाव किती जण सांगतील? त्यात २०१५ मध्ये लीबाईंचं आधी लिहून ठेवलेलं दुसरं हस्तलिखित छापलं गेलं, त्यात म्हातारा अ‍ॅटिकस वंशभेद टिकवायला निघालेल्यांच्या बैठकीत बसलेला दिसतो.

काळा कोट

सेमिस्टर पाच, तुमचा राग समजतो. पण वकील म्हणून बोलतो, वीस-पंचवीस वर्षांची प्रॅक्टिस झाली. अ‍ॅटिकसने ती केस जिंकलेली होती. ज्युरीने हरवली. दोन्हींत फरक आहे.

त्याची उलटतपासणी पुन्हा वाचा. मुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती हे आधी साक्षीदारांकडूनच वदवून घेतो. म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. मग मुलीचा बाप बॉब यूएल पिंजऱ्यात आल्यावर त्याला काय विचारतो? 'तूच मारलंस ना?' असं नाही. तुम्हाला लिहिता-वाचता येतं काय, एवढंच. तो म्हणतो येतं. खिशातून एक पाकीट काढून देतो, जरा नाव लिहून दाखवा. यूएल डाव्या हाताने लिहितो. आणि टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. एक शब्द चढ्या आवाजात नाही. बहुतेक वकिलांना, मीही त्यात आलो, अशा ठिकाणी पुढचा एक प्रश्न विचारायचा मोह आवरत नाही, आणि तो एक प्रश्न केस घालवतो. तिथे थांबणारा वकील मला हवा.

याच्या उलट पेरी मेसन. १९३३ पासून अर्ल स्टॅनली गार्डनरने ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, कॉलेजात असताना वाचनालयातून आणून फडशा पाडला होता. पण दर वेळी खरा खुनी भर कोर्टात कबुली देतो! इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकाही साक्षीदाराने 'होय साहेब, मीच केलं' म्हटलेलं नाही. पाणी मागतात, 'आठवत नाही' म्हणतात, फार तर चक्कर येऊन पडतात.

मलप्रभा

पोर्शियाचं नाव कुणी घेतलं नाही अजून. 'मर्चंट ऑफ व्हेनिस' शिकवून मी निवृत्त झाले, त्यामुळे जरा आपुलकी. मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये.

काळा कोट

बाई, माफ करा, पण त्यांच्यावर पहिली तक्रार बार कौन्सिलकडे मीच केली असती. सनद नाही, नाव खोटं, वेष पुरुषाचा, आणि ज्या अँटोनियोच्या जिवाचा प्रश्न आहे तो नवऱ्याचा जिवलग मित्र. शिवाय त्या वकील म्हणून आलेल्याच नाहीत, कायदेपंडित म्हणून कोर्टाला सल्ला द्यायला आल्यात. म्हणजे जवळजवळ न्यायाधीश! बिचाऱ्या शायलॉकला हे कळायला मार्गच नव्हता.

मलप्रभा

तक्रार मान्य. वर्गातही हे सांगायचे, तेव्हा मुलं म्हणायची, मॅडम, पण जिंकली ना!

आता माझं खरं मत सांगते. कन्नडमध्ये टी. एन. सीताराम यांच्या मालिका लागायच्या, 'मुक्त' वगैरे. त्यात सी.एस.पी. नावाचे वकील. भूमिका सीतारामच करायचे, लिहायचे तेच, दिग्दर्शनही त्यांचंच. खादीसारखा साधा माणूस, आवाज न चढवता बोलणारा. कोर्टाचे प्रसंग आमच्या शेजारच्या कन्नड मावशींकडे बसून बघायचो. मला कन्नड येतं, माझ्या सासूबाईंना येत नव्हतं, पण सी.एस.पी. उभे राहिले की त्या 'आता गप्प बसा सगळे' म्हणायच्या. कळत काही नव्हतं, माणूस खरा वाटतो एवढंच.

यावरून एक आठवलं. सिनेमातल्या कोर्टात सगळे एकाच भाषेत बोलतात. आपल्याकडे तसं असतं काय? सासऱ्यांच्या साक्षीला मी सोबत गेले होते. ते मराठीत सांगत होते, न्यायाधीशांना मराठी समजत होतं, वकील मध्येच इंग्रजीत हरकत घेत होते आणि जबाब टाइप होत होता कन्नडमध्ये. शेवटी वाचून दाखवला. सासरे ऐकत उभे. सही करायच्या आधी त्यांनी वकिलांकडे बघितलं, वकिलांनी मान हलवली, मग सही केली. त्या मान हलवण्यावर सगळा भरवसा! ही गोष्ट कुठल्याच सिनेमात बघितलेली नाही.

सेमिस्टर पाच

मॅडम, 'कोर्ट' बघितलात काय? चैतन्य ताम्हाणेंचा, आपल्याकडे २०१५ ला लागला. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. कुणाला काय कळलं आणि कुणाला नाही, यावरच अर्धा खटला चालतो.

खानापूरचा भाऊ

मी पुस्तकं-बिस्तकं वाचत नाही, सिनेमे बघतो. पण वकिलांचं नाव निघालं म्हणून लिहायलोय.

आमची वाटणीची केस आज्ज्याने घातलेली. आज्जा गेला, बाबा थकला, आता मी तारखेला जातोय. पहिलं खानापूर, मग बेळगाव, आता धारवाडला बेंचपुढं आहे. चुलत्याचा पोरगा आणि मी एकाच बसने जातोय, एकाच हॉटेलात इडली खातोय आणि कोर्टात गेल्यावर वेगवेगळ्या बाकावर बसतोय. परतताना परत एकच बस. जमीन किती म्हणाल तर सांगायला लाज वाटते, वकिलांना देऊन झाले तेवढ्यात दुसरी झाली असती. आमचा वकील वाईट नव्हे, पण काय चाललंय ते सांगतच नाही बघा. ते म्हणतंय, 'होतंय की, होतंय.' काय होतंय?

मला 'जॉली एलएलबी'तला अर्शद वारसी पाहिजे. ते मेरठहून दिल्लीला आलेलं, पहिल्यांदा पैशाच्या मागं लागतंय, मग लाज वाटून सुधारतंय. आणि सौरभ शुक्लासारखा जज्ज.

तिसरी घंटा

भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून डिकन्सची 'ब्लीक हाऊस' आठवली, १८५२-५३ ची. त्यात जार्नडिस विरुद्ध जार्नडिस असा वारशाचा दावा आहे. पिढ्यान्पिढ्या चाललेला. दाव्यात जन्मलेली माणसं दाव्यातच म्हातारी होतात. शेवटी एक दिवस कळतं की दावा संपला. कारण सगळी मालमत्ता खर्चातच गेली, वाटायला काही उरलं नाही.

खानापूरचा भाऊ

हे लंडनचं काय? मला वाटलं आमच्या तालुक्यातलंच सांगताय.

कारकुंडा

भाऊ, तुमच्या वकिलांच्या कारकुनाला गाठा. वकील सांगत नाही ते तो सांगतो. चहा पाजायला लागतो, एवढंच.

डिकन्सवरून: 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला जॅगर्स कुणी आठवला नाही? प्रत्येक अशील गेला की सुगंधी साबणाने खसाखसा हात धुणारा वकील. आमच्या बारमध्ये सॅनिटायझरची बाटली ठेवणारे एक साहेब आहेत, त्यांना मी मनात जॅगर्सच म्हणतो.

तिसरी घंटा

जॅगर्सला +१. आणि मराठीतला सर्वांत दुर्दैवी वकील राहिलाच की, 'एकच प्याला'तला सुधाकर. सगळ्यांना दारू आठवते, तो वकील होता हे विसरतात. हुशार, नावारूपाला येत असलेला, पण मानी. भर कोर्टात न्यायाधीशाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या अपमानाच्या दिवशी तळीराम पुढे करतो पहिला प्याला. तळीराम कोण? त्याचाच कारकून! कारकुंडासाहेब, रागावू नका. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि गंधर्व मंडळींनी नाटक आणलं ते त्यानंतर. बालगंधर्वांची सिंधू त्यांना बघायला मिळाली नाही.

जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर'ही (१९७७) आहेत. विक्रम गोखल्यांचं काम थोर, पण ते वाड्याबाहेर पडतच नाहीत, वकीलपत्र द्यायचं कुठे?

कारकुंडा

आमच्या जमातीवर हा गडकऱ्यांनी केलेला अन्याय आहे. निषेध.

शहापुरी साडी

मकरंद अनासपुरेचा 'कायद्याचं बोला' सगळे विसरलात काय? पोट धरून हसलो होतो.

काळा कोट

तो 'माय कझिन विनी' (१९९२) या इंग्रजी सिनेमावरून घेतलेला, ताई. आणि आश्चर्य वाटेल, पण तो मूळ सिनेमा वकील मंडळी फार मानतात. विनीला कोर्टात कसं उभं राहावं, कोट कुठला घालावा काही कळत नाही, न्यायाधीश त्याला दर थोड्या वेळाने आत टाकतात. पण उलटतपासणी बघा. एक साक्षीदार सांगतो की नाश्ता करायला घेतला तेव्हा आरोपी दुकानात शिरले आणि खायला बसायच्या आत गोळीचा आवाज आला. विनी विचारतो, तुम्ही नाश्त्याला काय केलं होतं? मक्याची लापशी. ती शिजायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं. मग तुमच्याच चुलीवर पाच मिनिटांत कशी शिजली? साक्षीदार खलास. कायद्याचं एकही कलम नाही. स्वयंपाकघरातली अक्कल.

शहापुरी साडी

म्हणजे मी वकील झाले असते तर चालले असते म्हणायचं!

मलप्रभा

कारकुंडा, 'कोर्ट' काल रात्री बघितला. मुलीने लावून दिला. झोप आली नाही.

सेमिस्टर पाच

मॅडम, मग वोरा की नूतन?

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. बचावाला विनय वोरा, श्रीमंत घरातला गुजराती वकील, सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेणारा. सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णींनी केलेली.

माझं मत वोराला. मयत कामगाराच्या बायकोची साक्ष आठवा. तो शांतपणे विचारत जातो आणि ती सांगते, नवरा गटारात उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का बघायचा. आली तर आत हवा आहे. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. डोळाही गेला होता. म्हणजे आत्महत्या कसली, हे तर कामावरचं मरण. ती हे इतकं सपाट आवाजात सांगते की तिला त्यात विशेष काही वाटतच नाही. वोरा त्यावर भाषण करत नाही. नंतर तिला आपल्या गाडीतून सोडतो.

मलप्रभा

ती साक्ष मलाही विसरता येईना. पण मी नूतनकडेच बघत राहिले. कोर्टात ती जुन्या कायद्याची कलमं सलग, एका सुरात, धडा वाचल्यासारखी वाचत जाते. तिथून सुटली की लोकलमध्ये शेजारणीशी मधुमेह आणि ऑलिव्ह ऑइल. पोराला घेऊन घरी, कुकर, पोळ्या. रविवारी सगळे मिळून नाटकाला जातात आणि परप्रांतीयांना हाकलून देणाऱ्या त्या नाटकावर हसतात. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी बोलताना म्हणते, द्यावीत एकदाची वीस वर्षं, म्हणजे कटकट संपेल. मी तिच्यावर चिडू शकले नाही. माझ्याबरोबर स्टाफरूममध्ये बसणाऱ्या निम्म्या जणी अशाच होत्या, मुलांच्या पेपरांबद्दल असंच बोलायच्या.

आणि त्या नाटकाच्या प्रसंगाला आपण सीमाभागातल्यांनी हसावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निपाणकर

हसायचं नाही. परप्रांतीय म्हणजे कोण, हे आपल्याकडे रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतंय.

कारकुंडा

माझं मत राहिलंय. बरेच दिवस टाळलं. आता देतो: नूतनला.

सेमिस्टर पाच

काय?!! ज्या बाईला माणूस तुरुंगात जातोय याचं काही वाटत नाही तिला?

कारकुंडा

ऐका तर. तिच्या टेबलावर कागद आहेत. कलम कुठलं, पोटकलम कुठलं, तिला पुस्तक शोधावं लागत नाही. तारखेला वेळेवर हजर असते. घरचं सगळं आटपून येते आणि तरी फाईल वाचलेली असते. वोरा भला माणूस आहे, मान्य. पण भला माणूस मला मित्र म्हणून चालेल. माझं भांडण कागदावरचं आहे, तिथे मला ही बाई समोरच्या बाकावर नको, माझ्या बाजूला पाहिजे. इतकी वर्षं अशीच माणसं केस जिंकताना बघितली आहेत. आवडत नाहीत, पण जिंकतात.

खानापूरचा भाऊ

ह्यांचं बरोबर आहे. मलाबी असलीच वकीलीण पाहिजे. वीस वर्षं चुलत्याला द्या म्हणावं!

सेमिस्टर पाच

भाऊ, दिवाणी दाव्यात कुणाला आत टाकत नाहीत.

खानापूरचा भाऊ

तेवढंच एक समाधान होतं तर ते पण घालवलं.

काळा कोट

तांत्रिक मुद्दा, अध्यक्षमहाराज. नूतन सरकारी वकील आहे. तिला तुमचं खासगी वकीलपत्र घेता यायचं नाही. उलट फौजदारीत सापडलात तर ती तुमच्या विरुद्धच उभी राहील. मत बाद.

निपाणकर

कारकुनाचंच मत तांत्रिक मुद्द्यावर बाद! लखोबा असता तर आत्ता म्हणाला असता, हे मत मी दिलेलंच नाही.

कारकुंडा

बाद तर बाद. मग वोराला द्या माझं वकीलपत्र. पण फाईल मी बांधणार, आणि तारखेच्या आदल्या दिवशी तो गाणं ऐकायला जाणार नाही, हे वकीलपत्रावरच लिहून घेणार.